दर शनिवारी रुसणारी टू-स्ट्रोक क्वाड बाइक: प्लग बदलला की सुरू होते, पण दुखणं प्लगमध्ये नसतं

लक्षण असं. पाच दिवस शेडमध्ये उभी असलेली ४९ सीसीची टू-स्ट्रोक क्वाड बाइक शनिवारी सकाळी काही केल्या सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. प्लग काढावा तर चिंब ओला. नवा प्लग लावला की तिसऱ्या-चौथ्या ओढीला फटफट करत उठते आणि रविवार संध्याकाळपर्यंत तक्रार नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा पाढे पंचावन्न.

आमचं दापोलीकडे छोटं कृषी पर्यटन आहे. आंब्याच्या बागेतून मातीची एक गोल वाट काढली आहे आणि तिच्यावर मुलांना फिरवायला अशा दोन लहान क्वाड ठेवल्या आहेत. दोरीने सुरू होणाऱ्या, गिअर नसलेल्या, सेंट्रिफ्यूगल क्लचच्या. एक लाल, एक हिरवी. वर सांगितलेला त्रास लालचा. हिरवीचं दुखणं निराळं होतं, ते पुढे येईलच.

पहिल्या हंगामात मी लालचे अकरा प्लग बदलले. शे-दीडशेची वस्तू म्हणून कोणी फार विचार करत नाही. काढलेले प्लग मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेलो. मे महिन्यातल्या एका रिकाम्या दुपारी तो डबा उघडला, एकेक प्लग पुसला, उन्हात वाळवला आणि हिरवीला लावून पाहिला. दहा प्लग ठणठणीत निघाले. अकराव्याचं पांढरं चिनीमातीचं अंग मीच पाना तिरका लावून फोडलेलं होतं. म्हणजे नव्या प्लगने गाडी सुरू होत होती ती तो नवा होता म्हणून नव्हे, कोरडा होता म्हणून. तिथून पुढे मी प्लगचा नाद सोडला आणि हे पेट्रोल येतं कुठून, याचा शोध घ्यायला लागलो.

हत्यारं काढण्याआधी

तीन गोष्टी बघून घ्या, पाने नंतर. पहिली म्हणजे हँडलजवळची लाल सेफ्टी पट्टी. या लहान क्वाडना ती असतेच; मूल पडलं तर पट्टी निघून इंजिन बंद व्हावं यासाठी. ती जागेवर नसेल तर ठिणगी पडत नाही. आमच्या पुतण्याने एकदा पाऊण तास दोरी ओढली आणि शेवटी पाच वर्षांच्या एका पाहुण्या मुलीने विचारलं, "काका, ही लाल पट्टी कुठे लावायची असते?" दुसरी गोष्ट पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची चावी; ती चालू हवी. तिसरी चोक, म्हणजे इंजिनाची हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप. थंड इंजिनाला चोक लागतो, पण एकदा "भुक्" असा आवाज देऊन ते उठायला बघतंय असं वाटलं की चोक लगेच उघडायचा. चोक तसाच ठेवून दहा वेळा दोरी ओढलीत तर आपण होऊनच प्लग ओला केलात.

आणि धक्का मारू नका. आरएक्स १०० किंवा चेतक गिअरमध्ये टाकून, क्लच सोडून धक्क्यावर सुरू करण्यात आमच्या पिढीचं तारुण्य गेलं, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. सेंट्रिफ्यूगल क्लचला मात्र धक्का कळत नाही. इंजिन वेगाने फिरलं तरच तो चाकाला धरतो. चाक फिरवलं म्हणून इंजिन फिरत नाही. उतारावरून सोडलीत तर गाडी शांतपणे खाली जाऊन थांबेल आणि परत वर ढकलायला माणूस लागेल.

यानंतर प्लग काढा. पुढची दिशा प्लगच सांगतो. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण जळत नाहीये किंवा गरजेपेक्षा जास्त येतंय. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. काळाकुट्ट आणि तेलकट असेल तर टू-टी (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑईल) जास्त पडलंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. हे तीन रस्ते वेगळे आहेत. आधी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून नंतर प्लग बघणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत पूर्वीचा मीही आलो.

ओला प्लग: पेट्रोल येतं कुठून

इथे टू-स्ट्रोकचा स्वभाव समजून घ्यावा लागतो, कारण फोर-स्ट्रोकवर हात बसलेला मेकॅनिक नेमका इथेच फसतो. हल्ली रस्त्यावर टू-स्ट्रोक जवळजवळ दिसत नाहीत, त्यामुळे तरुण मेकॅनिकला दोष तरी काय द्यायचा. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि खालच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या बंद डब्यात) इंजिन ऑईल असतं. आपल्या टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरमधून निघालेलं पेट्रोल-ऑईल आधी क्रँककेसमध्ये उतरतं. पिस्टन वर जाताना ते आत ओढतो, खाली येताना दाबतो आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकलतो. क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळतं तेही याच मिश्रणातून. थोडक्यात, क्रँककेस हा इथे पंप आहे, आणि पंपात तळाशी पेट्रोलचं डबकं साठलं तर प्रत्येक ओढीला त्यातलं थोडं वर येतं. प्लग पुसा, लावा, परत ओला. पुसा, लावा, परत ओला. दहा-पंधरा ओढींनी डबकं आटतं, नेमका त्याच वेळी आपण नवा प्लग लावलेला असतो, आणि श्रेय त्याला जातं.

डबकं साठतं कसं? टाकी वर, कार्बोरेटर खाली, मध्ये पंप नाही; पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर तरंगतो आणि एक बारीक सुई वर ढकलून पेट्रोलचं तोंड बंद करतो. सुईच्या टोकाला रबर असतं. ते झिजलं, त्यावर कचऱ्याचा एक कण बसला किंवा सुईच्या घरात चिकट थर धरला, की तोंड पूर्ण मिटत नाही. गाडी चालू असताना हे कळत नाही, कारण तेव्हा पेट्रोल खर्च होत असतं. पाच दिवस कॉक चालू ठेवून गाडी उभी राहिली की थेंबाथेंबाने वाटी काठोकाठ भरते आणि जादाचं पेट्रोल वाट मिळेल तिकडे जातं.

खरं तर यासाठी वाटीला ओव्हरफ्लोची नळी दिलेली असते. जादाचं पेट्रोल तिच्यातून जमिनीवर पडायला हवं आणि आपल्याला वास यायला हवा. लालखाली जमीन कायम कोरडी, म्हणून गळतीची शंकाच आली नाही. नळी उपसून बघितली तर टोकाला कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं! कोकणात शेडमध्ये पडून असलेल्या कुठल्याही नळीचं, छिद्राचं हेच होतं. फवारणी पंपाच्या नोझलचंसुद्धा. त्यात आमच्या शेडची जमीन पागोळीच्या बाजूला उतरती, आणि लाल उभी करायची सवय अशी की कार्बोरेटर वरच्या अंगाला आणि इंजिन खालच्या अंगाला. बाहेरची वाट बंद, आतली उताराची. पेट्रोल शहाण्यासारखं आत गेलं.

जुन्या चेतकवाल्यांना हे उलट्या बाजूने माहीत आहे. स्कूटर सकाळी सुरू झाली नाही की एका अंगावर झुकवायची, क्षणभर थांबायचं आणि किक मारायची. तो टोटका नव्हता. झुकवल्यावर पेट्रोल कार्बोरेटरकडे सरकायचं आणि थंड इंजिनाला चार थेंब जास्त मिळायचे. आमची लाल दर आठवड्याला पाच दिवस झुकवून ठेवल्यासारखी होती.

पण असा तर्क बांधून लगेच सुटा भाग मागवू नये. मी तीन आठवडे एक साधा प्रयोग केला. पहिल्या आठवड्यात नेहमीसारखा कॉक चालू. शनिवारी प्लग ओला. दुसऱ्या आठवड्यात बाकी काही न बदलता रविवारी रात्री फक्त कॉक बंद केला. शनिवारी तिसऱ्या ओढीला सुरू, त्याच जुन्या प्लगवर. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कॉक चालू ठेवला. पुन्हा ओला. त्यानंतरच कार्बोरेटर खाली उतरवला.

डबकं काढायचं कसं

आज सकाळी पाहुणे दारात उभे आहेत आणि गाडी ओव्हरफ्लो झाली आहे, तर एवढं करा. कॉक बंद. प्लग काढून बाजूला. प्लगची टोपी भोकापासून लांब नेऊन दुसऱ्या प्लगवर बसवा आणि तो इंजिनच्या अंगाला पक्का टेकवा, शिवाय किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) "बंद"वर ठेवा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडणार आहे आणि तिथे ठिणगी नको. तोंड बाजूला. चोक उघडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि दोरी पंधरा-वीस वेळा सलग ओढा. सुरुवातीला पांढरट धुकं उडेल, मग कमी होत जाईल. तेवढ्याने भागलं नाही तर दोघांनी गाडी उचलून प्लगचं भोक खालच्या बाजूला येईल अशी कलती करा. वाटीभर पेट्रोल निघालेलं मी पाहिलंय. मग दहा मिनिटं तशीच उघडी ठेवून कोरडा प्लग लावा, कॉक बंदच ठेवा, चोक नको, अ‍ॅक्सिलरेटर अर्धा. सुरू झाली की भरपूर धूर येईल, घाबरू नका. मागची चाकं मात्र विटांवर उचललेली हवीत. अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर उठलेली क्वाड थेट समोरच्याच्या नडग्यांवर जाते.

एक इशारा. दोरी ओढताना भिंतीला बांधल्यासारखी अडली तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर पेट्रोल साठलेलं असेल, आणि पेट्रोल काही हवेसारखं दबत नाही. जोर लावलात तर रिकॉइलचे (दोरी परत गुंडाळणाऱ्या भागाचे) दात जातात. प्लग काढा, मग ओढा.

कार्बोरेटरचं काम

वाटीचे स्क्रू उघडले की फ्लोटची पिन सरकते आणि फ्लोटबरोबर सुई हातात येते. तिच्या टोकावरून नख फिरवा. गोल खाच लागली तर सुई बदला, घासून वापरायचा मोह नको. लालच्या सुईला खाच होती. नवी सुई प्लगपेक्षा स्वस्त पडली, यावर घरात जे काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. सुईचं घर पितळेचं असतं. कान साफ करायच्या काडीला जरासं ब्रासो लावून आतून फिरवा आणि पेट्रोलने धुऊन टाका. त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही.

जोडण्याआधी परीक्षा घ्या. कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोट आपल्या वजनाने सुई दाबेल, पेट्रोलच्या नळीला रिकामी सिरिंज लावा आणि हलकेच दाबा. हवा अडली पाहिजे. सुलटा केला की हवा सुटली पाहिजे. तोंडाने फुंकणारे पुष्कळ आहेत. मी सांगणार नाही, पोटात पेट्रोल गेलेला माणूस मी पाहिलाय.

हात लागलाच आहे तर जेटही बघा, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची पितळी बोंडं. मोठा मेन जेट सहसा ठीक असतो, छोटा पायलट जेट तुंबतो. त्याचं भोक केसाएवढं. स्टीलच्या तारेने टोचलं तर भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. आमच्याकडे गळाची तंगूस घरोघरी असते, तिचा बारीक तुकडा या कामाला उत्तम. मग कार्बोरेटर क्लीनर मारून उजेडाकडे धरून बघा, भोकातून गोल उजेड दिसला पाहिजे.

प्लग कोरडा असेल तर

हा रस्ता बहुतेकदा जुन्या पेट्रोलकडे जातो. आता पंपावरचं पेट्रोल पूर्वीचं राहिलेलं नाही. देशात इथेनॉलचं सरासरी मिश्रण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल आपल्याच उसाचं, त्याबद्दल राग नाही. पण ते पाणी धरतं, आणि समुद्राच्या वाऱ्यात, अर्ध्या रिकाम्या टाकीत, पाणी धरायला त्याला भरपूर वेळ मिळतो. एका मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. कॉक तळातूनच घेतो. म्हणजे इंजिनाला मिळतं ते न जळणारं पाणचट मिश्रण, आणि त्यात टू-टी ऑईल नीट विरघळलेलं नसतं. गाडी सुरू न होणं हा त्यातला किरकोळ तोटा. तशीच जबरदस्तीने चालवली तर बेअरिंगला तेल नाही आणि पिस्टन सीझ, म्हणजे जाम.

बघायची सोपी रीत: कॉकखालची नळी काढून पारदर्शक काचेच्या बाटलीत कपभर पेट्रोल घ्या, दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थरथरणारे गोल थेंब दिसले की टाकी पूर्ण रिकामी करा. वरवरचं काढून घेऊ म्हणू नका. नळ्याही वाकवून बघा. जुनी रबरी नळी इथेनॉलने कडक होते, भेगाळते आणि आतून तिचे काळे कण सुटतात. तेच पुढे सुईवर जाऊन बसतात आणि कोरड्या प्लगचा रोग ओल्या प्लगचा होतो.

मिश्रणाबद्दल थोडं. आमच्या गाड्यांच्या पुस्तिकेत २५ ला १ आहे, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी. ग्रास कटरला ५० ला १, लिटरला २० मिली. दोन वेगळे कॅन ठेवा आणि त्यांवर तारीख लिहा. ग्रास कटरचं मिश्रण क्वाडमध्ये गेलं तर सुरू व्हायला ती काही अडत नाही, उलट छान पळते, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि महिन्याभरात रिंग ओरखडलेली निघते. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण मी क्वाडमध्ये घालत नाही.

कोरड्या प्लगवर चाचणी म्हणून प्लगच्या भोकात अर्धा चमचा ताजं मिश्रण टाका, प्लग लावा, दोरी ओढा. चार सेकंद चालून बंद पडली तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बरं आहे, अडचण पेट्रोलच्या वाटेवर आहे. इथे ईथरचा स्प्रे मारू नका. टू-स्ट्रोकमध्ये तो सिलिंडरवरचं तेल धुऊन काढतो.

करंटच येत नसेल तर

प्लग टोपीत घाला, त्याचं लोखंडी अंग सिलिंडरच्या पट्ट्यांना टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, सावलीत, आणि दोरी जोरात ओढा. निळी टचटचीत ठिणगी दिसायला हवी. पिवळट, आळसट ठिणगी बाहेर दिसते पण आत दाबाखाली विझते. दोन टोकांमधलं अंतर आम्ही ०.६ मिलिमीटर ठेवतो.

ठिणगी नसेल तर कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारा भाग) मागवण्याआधी किल स्विचची तार सोडा. या मॅग्नेटोच्या, म्हणजे फिरत्या चुंबकाने करंट तयार करणाऱ्या गाड्यांत स्विच इंजिन बंद करतो तो करंट गाडीच्या लोखंडी अंगाला जोडून. म्हणून हँडलजवळ तार कुठे घासून उघडी पडली आणि लोखंडाला लागली की गाडी स्वतःला कायम "बंद" समजते. कनेक्टर सोडून पुन्हा ठिणगी बघा. आली, तर कॉइल, सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा डबा) सगळं ठीक आहे. तार आणि स्विच बघा. समुद्राजवळ स्विचच्या आत हिरवट गंज धरतो, तो या दोषाचं मोठं कारण. फक्त तार सोडलेली असताना बंद करायचं बटण आणि सेफ्टी पट्टी दोन्ही निकामी असतात हे विसरू नका. मुलांना त्या अवस्थेत गाडी कधीच द्यायची नाही, तपासणी पाच मिनिटांचीच असली तरी.

तार सोडूनही ठिणगी नसेल तर प्लगची टोपी पिळून काढा, हाय टेन्शन वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून टोपी परत घट्ट बसवा. त्यानंतरच कॉइल.

हिरवीची गोष्ट

हिरवी सकाळी झकास सुरू व्हायची. तीन फेऱ्या मारल्या की बागेच्या लांबच्या टोकाला घुटमळून बंद. मग अर्धा तास दाद नाही, आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू. गावातल्या मेकॅनिकने निदान केलं: गरम झाल्यावर कॉइल मान टाकते. असं होतं खरं. कॉइलच्या आतली तार तापून तुटते आणि थंड झाली की पुन्हा टेकते. म्हणून नवी कॉइल टाकली. हिरवी पुन्हा त्याच आंब्याखाली बंद पडली.

शेवटी मी खिशात प्लग आणि पाना घेऊन तिच्यामागे पळत गेलो. बंद पडल्या क्षणी ठिणगी बघितली: निळी, टचटचीत. म्हणजे कॉइल निर्दोष. मग टाकीचं झाकण उघडलं आणि "फुस्स" करून हवा आत गेली. झाकणाला हवा घ्यायचं बारीक छिद्र असतं, ते जांभ्याच्या तांबड्या धुळीने गच्च बसलेलं. पेट्रोल उतरेल तशी टाकीत पोकळी वाढत गेली, आणि शेवटी पेट्रोल उतरायचं थांबलं. अर्ध्या तासात कुठून तरी हवा शिरायची आणि गाडी सुरू. टाचणीने छिद्र मोकळं केलं, एवढंच. जी परीक्षा बिघाड चालू असतानाच होऊ शकते ती शेडमध्ये आणून करण्यात अर्थ नाही, हे त्या पळण्याने शिकवलं. दम लागला तो वेगळा.

हे सगळं ठीक असून सुरू होत नसेल

मग काम थोडं जड आहे. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दोरी ओढा. अंगठा उडाला पाहिजे. गेज असेल तर थंड इंजिनात, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून, १०० पीएसआयच्या वर आकडा दिसला की मी समाधानी असतो. ९० च्या खाली आला तर पिस्टन-रिंग, नाहीतर हेडचं पॅकिंग. सायलेन्सर उतरवून त्या भोकातून टॉर्च मारलात तर हेड न खोलता पिस्टनची एक बाजू दिसते. उभे ओरखडे दिसले की उत्तर मिळालं. उतरवलेल्या सायलेन्सरचं तोंडही बघा. टू-टी जास्त पडत असेल तर तिथे कार्बनचा घट्ट थर बसतो आणि धूर बाहेर पडायला जागा राहत नाही. इंजिनाने श्वास सोडला नाही तर तो घेणार कसा? लाकडी काठीच्या टोकाने खरवडा; सिलिंडरचं भोक खरवडताना मात्र पिस्टनने ते झाकलेलं हवं.

रीड व्हॉल्व्हची (कार्बोरेटर आणि क्रँककेसमधल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेची) पाती तुटली असेल तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडाशी तळहात धरल्यावर हाताला पेट्रोलचा फवारा लागतो. पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन सगळं आहे आणि तरी दोरी उलटी हिसका मारते किंवा कार्बोरेटरमधून फटाका फुटतो, तर फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचं जड चाक, जागेवर धरणारी छोटी की कातरली गेली आहे, टायमिंग सरकलं.

आणि एक दोष असा की तो सुरू न होण्याच्या रूपात येतो पण पुढे इंजिन खाऊन टाकतो: क्रँकचं ऑईल सील, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी. सील गेलं की क्रँककेस बाहेरून हवा ओढतो, पंप नीट ओढत नाही, चोक लावल्याशिवाय इंजिन उठत नाही. उठलं तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही आवाज खाली यायला वेळ घेतो, आणि प्लग पांढुरका पडतो. फ्लायव्हील काढून मागे बघा; तेलात मळलेली धूळ चिकटलेली असेल तर सील गेलंच. अशी गाडी "चोकवर चालते ना, मग चालू दे" म्हणून चालवू नका. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी.

आता आमचा रविवार संध्याकाळचा रिवाज ठरलेला आहे. शेवटची फेरी झाली की कॉक बंद करायचा आणि गाडी तशीच संथ चालू ठेवायची. वाटीतलं पेट्रोल संपलं की मिनिट-दोन मिनिटांत ती आपोआप बंद पडते. यात दोन्ही साधतं: सुई कितीही वाईट असली तरी आत झिरपायला पेट्रोल उरत नाही, आणि वाटीत सुकून चिकट व्हायलाही काही राहत नाही. जून लागला की टाकी पूर्ण रिकामी, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी, दोरी सावकाश दोनदा, आणि ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाला मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा. लाल आता उताराला आडवी उभी असते.

सुई बदलल्यानंतरच्या सबंध हंगामात लालला एक प्लग लागला. तो मी डब्यातलाच घातला. आमच्या ग्रास कटरला त्याच मापाचा बसतो, तेव्हा उरलेले नऊ तिकडे संपतील.